एपीसीचा दोष घरात आहे: पोटातल्या बाळाचं काय, 6 वर्षांच्या मुलाचं काय?

प्रश्न: माझे यजमान 34 वर्षांचे आहेत. गेल्या वर्षी शौचातून रक्त जायला लागलं म्हणून कोलोनोस्कोपी केली, तेव्हा मोठ्या आतड्यात शेकडो पॉलिप (अस्तरावर उगवणाऱ्या छोट्या गाठी) निघाले. सासरे मोठ्या आतड्याच्या कॅन्सरनं 41 व्या वर्षी गेले होते. यजमानांचं मोठं आतडं काढलं, गुदाशय ठेवला आणि लहान आतडं त्याला जोडलं. रक्ततपासणीत एपीसी जनुकात ‘पॅथोजेनिक’ (आजार घडवणारा) बदल सापडला. आमचा मुलगा 6 वर्षांचा आहे आणि मला तिसरा महिना चालू आहे. मी वाचलं की हा जनुक ज्या सिग्नलवर ताबा ठेवतो, त्याच सिग्नलवर गर्भाचं शरीर घडतं. मग बाळात व्यंग येईल का? मुलाची तपासणी लगेच करून घ्यावी का? नाळेचं रक्त साठवणाऱ्या कंपनीचा माणूस म्हणतो, त्यातल्या मूलपेशींनी पुढे आतडं दुरुस्त करता येईल. ओळखीच्या एकांनी ‘कॅन्सरच्या मूलपेशी मारणाऱ्या’ हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल सुचवल्या आहेत. नणंद 29 वर्षांची आहे. तिला काहीच त्रास नाही, म्हणून ती तपासणीला तयार नाही. काय करावं?
(सांगली जिल्ह्यातून एक वाचक)

उत्तर:

ताई, यजमानांच्या या आजाराला फॅमिलियल ॲडेनोमॅटस पॉलिपोसिस, थोडक्यात एफएपी म्हणतात. आधी पोटातल्या बाळाबद्दल. एपीसीच्या या दोषामुळे बाळाचे हातपाय, हृदय किंवा मेंदू वेडेवाकडे घडत नाहीत. बाळाला हा दोष मिळण्याची शक्यता निम्मी आहे. मिळाला तरी बाळ इतर बाळांसारखंच जन्मतं आणि वाढतं. तुमचे यजमानही तो जन्मापासून बाळगून होते. फार तर डोळ्याच्या पडद्यावर काळसर डाग, एखादा जास्तीचा दात, जबड्यावर हाडाची छोटी गाठ अशा खुणा काही जणांत दिसतात. त्यांनी इजा होत नाही.

तुम्ही वाचलेलं मात्र खरं आहे, आणि ते नीट कळलं तर तुमच्या बाकीच्या प्रश्नांचीही उत्तरं त्यातूनच निघतात. लेखात डब्ल्यूएनटी अशी अक्षरं दिसतात, त्याचा उच्चार विंट. एका पेशीनं बाहेर सोडलेलं हे प्रथिन शेजारच्या पेशीला ‘विभागत राहा, अजून पक्की होऊ नकोस’ असं सांगतं. या कहाणीचा एक धागा दिल्लीचा आहे. तिथल्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत आर. पी. शर्मा यांनी 1973 मध्ये पंख नसलेल्या फळमाश्यांची नोंद केली. दुसरीकडे, 1982 मध्ये रुल नुस आणि हॅरल्ड व्हार्मस यांना उंदरांच्या स्तनाच्या गाठींत एक जनुक सापडला. 1987 मध्ये कळलं की माशीचा पंख घडवणारा आणि उंदरात गाठ उठवणारा जनुक मुळात एकच आहे. 1989 मध्ये उंदराच्या त्या जनुकाचा संदेश बेडकाच्या गर्भात टोचला, तर गर्भाला एकाऐवजी दोन पाठकणे फुटले. गर्भाचं मागचं टोक कुठे येणार, आतडं कुठून सुरू होणार, हे ठरवण्यात या सिग्नलचा वाटा असतो. माणसात हा आराखडा गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्यात पडतो. म्हणजे तुमच्या बाळाचा तो टप्पा कधीच पार पडला आहे.

सिग्नल संपला की तो थांबवावाही लागतो, आणि एपीसीचं काम हेच. पेशीत बीटा-कॅटेनिन नावाचं प्रथिन सतत तयार होत असतं. एपीसी आणि त्याची जोडीदार प्रथिनं त्याला पकडून खुणा लावतात आणि पेशी त्याचा लगेच नाश करते. बाहेरून विंट आलं की हे पकडणं थांबतं, बीटा-कॅटेनिन साठतं, केंद्रकात शिरतं आणि विभाजनाचे जनुक चालू करतं. प्रत्येक पेशीत एपीसीच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. यजमानांकडून बाळाला बिघडलेली प्रत गेली तरी तुमच्याकडची चांगली प्रत हे काम पुरेपूर करते. म्हणूनच गर्भ व्यवस्थित घडतो. दोन्ही प्रती बिघडलेला उंदराचा गर्भ आराखडा पडण्याच्या सुमारासच मरतो, जन्मापर्यंत पोचत नाही.

मग पॉलिप का येतात? मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरात लाखो बारीक खळगे असतात. त्यांना क्रिप्ट म्हणतात. प्रत्येक खळग्याच्या तळाशी मोजक्या मूलपेशी, म्हणजे सतत विभागून नव्या पेशी देणाऱ्या पेशी, असतात आणि तळाभोवतीच्या पेशी त्यांना विंट पुरवत राहतात. मूलपेशीपासून झालेल्या पेशी वर सरकत जातात. वर जाताना विंट कमी होत जातं, बीएमपी नावाचा उलट सिग्नल वाढतो, आणि नॉच हा तिसरा सिग्नल कोणती पेशी पाणी शोषणार, कोणती चिकट स्राव करणार हे ठरवतो. साधारण पाचेक दिवसांत ती पेशी पृष्ठभागावर पोचून झडते. अशा वर निघालेल्या पेशीत एपीसीची उरलेली चांगली प्रत बिघडली, तर बहुतेक वेळा ती पेशी बिघाडासकट झडून जाते. मूलपेशी मात्र तळाशीच राहते. तिच्यात दुसरी प्रत गेली की बाहेर विंट असो वा नसो, बीटा-कॅटेनिन साठतच राहतं. तिची पिलावळ वर जाऊनही विभागत राहते आणि पॉलिप उठतो. हान्स क्लेव्हर्स यांच्या नेदरलँड्समधल्या प्रयोगशाळेनं 2009 मध्ये हे उंदरांत दाखवलं: तळच्या मूलपेशींतून एपीसी काढलं तर काही आठवड्यांत गाठी वाढल्या, वरच्या पेशींतून काढलं तर बहुतेक ठिकाणी सूक्ष्म ठिपक्यावरच थांबलं.

तुमच्या यजमानांच्या प्रत्येक मूलपेशीत जन्मापासून एकच चांगली प्रत होती, म्हणून शेकडो ठिकाणी हे घडलं. पण पॉलिप म्हणजे कॅन्सर नव्हे. त्यापुढे केआरएएस, टीपी53 अशा आणखी जनुकांत बिघाड साठावे लागतात आणि त्याला बहुधा वर्षं लागतात. काहीच केलं नाही तर या आजारात कॅन्सर जवळजवळ अटळ असतो, सरासरी चाळिशीच्या आसपास. पण मधली ती वर्षं आपल्या हातात असतात आणि दुर्बिणीची तारीख पाळली तर ती पुरतात. आमचा सगळा सल्ला यावर उभा आहे.

मुलाची जनुकतपासणी आज करू नका. 10 वर्षांआधी पॉलिप क्वचितच येतात. आज उत्तर कळलं तरी करायचं काही नसतं, फक्त मुलाला ‘आजारी’ म्हणून वाढवलं जातं. 10 ते 12 वर्षांच्या दरम्यान तपासणी करा. रिपोर्टात बदल 1309 व्या कोडॉनवर (जनुकातली एक ठरावीक जागा) असं लिहिलेलं असेल तर 10 व्या वर्षीच करा, कारण त्या बदलात पॉलिप लवकर आणि जास्त येतात. त्याआधी शौचातून रक्त, न भरून येणारा ॲनिमिया किंवा सततचे जुलाब दिसले तर वयाची वाट न पाहता दाखवा.

तपासणीसाठी 2 ते 4 मिलिलिटर रक्त जांभळ्या बुचाच्या ईडीटीए नळीत घेतात. ते गोठवायचं नसतं. इथे हमखास होणारी चूक सांगतो. लोक मुलाला घेऊन जातात, ‘कॅन्सरची जीन टेस्ट’ म्हणून मोठं पॅनेल करतात आणि रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ आला की निर्धास्त होतात. एपीसीचा मोठा तुकडाच गळालेला असेल तर साध्या सीक्वेन्सिंगमध्ये (जनुकाची अक्षरं वाचण्यात) तो निसटू शकतो. त्यासाठी एमएलपीए ही वेगळी चाचणी लागते. म्हणून यजमानांच्या पूर्ण रिपोर्टाची प्रत लॅबला द्या आणि ‘कुटुंबात सापडलेला नेमका हाच बदल शोधा’ असं लेखी मागा. ही चाचणी स्वस्तही पडते. नेमका तो बदल मुलात नसेल तर त्याचा धोका इतर कुणाही मुलाइतकाच, त्याला दुर्बिणीची गरज नाही. रिपोर्टात ‘पॅथोजेनिक’ किंवा ‘लाइकली पॅथोजेनिक’ लिहिलेलं असेल तरच त्या बदलावरून घरच्यांची तपासणी करतात. ‘व्हीयूएस’, म्हणजे अर्थ नक्की न कळलेला बदल, असेल तर करत नाहीत. तुमच्याकडे ‘पॅथोजेनिक’ आहे, तेव्हा वाट मोकळी आहे.

मुलात बदल सापडला तर तेव्हापासून दर 1 ते 2 वर्षांनी कोलोनोस्कोपी, पॉलिप दिसू लागले की दर वर्षी. शस्त्रक्रिया बहुधा विशीच्या आसपास, पॉलिप किती आणि केवढे आहेत ते पाहून. शिक्षणाचा टप्पा सांभाळून तारीख ठरवता येते, आणि तशी ती ठरवावी.

पोटातल्या बाळाची तपासणी गर्भातच करता येते: 11 ते 14 आठवड्यांत वारेचा नमुना घेऊन, किंवा 16 आठवड्यांनंतर गर्भजल काढून. दोन्हींत गर्भपाताचा थोडा धोका असतो. हा आजार जन्मतः त्रास देत नाही आणि त्यावर उपाय आहे. त्यामुळे वैद्यकीय दृष्टीनं ही तपासणी गरजेची नाही, असं आमचं मत आहे. निर्णय मात्र तुमचा दोघांचाच. जेनेटिक काउन्सेलरशी बोलून घ्या, आणि वेळ मर्यादित असल्यामुळे याच आठवड्यात बोला. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये आनुवंशिक कर्करोगांसाठी स्वतंत्र व्यवस्था आहे. बाळ जन्मल्यावर बालरोगतज्ज्ञांना मात्र हा इतिहास नक्की सांगा. दोष मिळालेल्या मुलांत पहिल्या 5 वर्षांत यकृताची एक गाठ, हेपॅटोब्लास्टोमा, होऊ शकते. प्रमाण शंभरात दोनपेक्षा कमी आहे. त्यासाठी ठरावीक काळानं यकृताची सोनोग्राफी आणि अल्फा फीटोप्रोटीनची रक्ततपासणी करावी का, यावर डॉक्टरांत दोन मतं आहेत. करायची ठरली तर बाळाची जनुकतपासणीही लवकर करावी लागते. तुमचा 6 वर्षांचा मुलगा या धोक्याच्या बहुतेक वयातून बाहेर पडला आहे.

नाळेच्या रक्ताचे पैसे वाचवा. त्या रक्तात असतात त्या रक्त तयार करणाऱ्या मूलपेशी. रक्ताच्या काही आजारांत त्या उपयोगी पडतात. त्यांच्यापासून आतड्याचं अस्तर तयार होत नाही. आतड्याची मूलपेशी खळग्याच्या तळाशी, तिथल्या विंटच्या पुरवठ्यावर जगते, रक्तात सोडलेली पेशी तिथे जाऊन बसत नाही. दुसरं म्हणजे, बाळाला दोष मिळाला असेल तर त्याच्या नाळेच्या प्रत्येक पेशीतही तोच दोष असणार. मिळाला नसेल तर बाळाला या आजारासाठी त्या पेशी लागणारच नाहीत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांतही स्वतःच्या भावी वापरासाठी नाळेचं रक्त साठवण्याला शास्त्रीय आधार नसल्याचं म्हटलं आहे. रक्ताच्या आजारांपलीकडचे मूलपेशी उपचार मंजूर चाचणीबाहेर देऊ नयेत, असंही त्यात आहे. उद्या कुणी यजमानांच्याच चरबीतून किंवा अस्थिमज्जेतून मूलपेशी काढून टोचण्याचं पॅकेज घेऊन आलं, तर त्या पेशींतही एपीसीची तीच बिघडलेली प्रत आहे, हे लक्षात ठेवा.

आता कॅप्सूल. हळदीच्या अर्काची या आजारात खरोखर चाचणी झाली आहे: 44 रुग्ण, रोज 3 ग्रॅम कर्क्युमिन, 12 महिने. पॉलिपांची संख्या आणि आकार यांत दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपेक्षा फरक पडला नाही, असं 2018 मध्ये छापून आलं. वरण-भाजीतली हळद खुशाल खा. तीव्र अर्कानं काही जणांच्या यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत, तेव्हा यजमानांना तो देऊ नका, आणि तुम्ही तर गरोदरपणात बिलकूल घेऊ नका.

‘विंट अडवणारं औषध का देत नाहीत?’ हा प्रश्न मनात येणं साहजिक आहे. बहुतेक अशी औषधं विंट पेशीबाहेर पडू देत नाहीत किंवा पेशीच्या दाराशी अडवतात. एपीसी गेलेल्या पेशीत बिघाड दाराच्या आत असतो, म्हणून तिच्यावर त्यांचा परिणाम होत नाही. निरोगी मूलपेशी आणि हाडं मात्र त्याच सिग्नलवर चालतात, आणि अशा औषधांच्या चाचण्यांत रुग्णांची हाडं मोडल्याचं दिसलं. गर्भाच्या बाबतीत तर इशारा आणखी कडक आहे. हेजहॉग हा दुसरा असाच सिग्नल. तो अडवणारं व्हिस्मोडेगिब हे त्वचेच्या कॅन्सरचं औषध गर्भवतीला पूर्ण वर्ज्य आहे आणि ते घेणाऱ्या पुरुषालाही कंडोम वापरायला सांगतात. सेलेकॉक्सिबनं मात्र पॉलिप थोडे कमी होतात: 400 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा घेऊन 6 महिन्यांत संख्या 28 टक्क्यांनी घटली. पण त्यात हृदयविकाराचा धोका आहे आणि कॅन्सर टळतो हे सिद्ध झालेलं नाही. 1999 मध्ये अमेरिकेत या आजारासाठी मिळालेली मंजुरी 2011 मध्ये मागे घेतली गेली. तज्ज्ञानं दिलं तरच घ्यायचं, आणि घेतलं तरी दुर्बीण चुकवायची नाही.

आम्हाला सगळ्यात जास्त काळजी यजमानांची वाटते, कारण पत्रात पुढच्या तपासण्यांचा उल्लेखच नाही. ‘आतडं काढलं, आता सुटलो’ असं समजून बरेच जण दवाखान्याची वाट सोडतात, आणि पुढचा कॅन्सर तिथेच गाठतो. ठेवलेल्या गुदाशयात तेच खळगे आणि त्याच मूलपेशी आहेत. तिथे दर 6 ते 12 महिन्यांनी दुर्बीण घातलीच पाहिजे. त्यासाठी बहुधा एनिमावर भागतं, 15 मिनिटांचं काम असतं. दुसरी जागा म्हणजे जठराच्या पुढचं आतडं, ड्युओडिनम. मोठं आतडं काढलेल्या या रुग्णांत मृत्यूचं एक मोठं कारण तिथला कॅन्सर असतो. पित्ताची नळी जिथे उघडते ती जागा साध्या सरळ बघणाऱ्या दुर्बिणीतून अनेकदा निसटते. म्हणून ‘बाजूनं बघणारी दुर्बीण वापरून पित्तनलिकेचं तोंड पाहा आणि स्पिगेलमन पायरी लिहून द्या’ असं स्पष्ट सांगा. तिथले पॉलिप किती गंभीर आहेत हे ती पायरी सांगते. ती 0 ते 4 असते. खालची असेल तर पुढची तपासणी काही वर्षांनी, चौथी असेल तर 3 ते 6 महिन्यांनी. ही तपासणी 20 ते 25 व्या वर्षी सुरू व्हायला हवी होती, म्हणजे आता थांबायला नको. थायरॉइडची सोनोग्राफीही करून घ्या.

टाक्याजवळ किंवा पोटात टणक गाठ हाताला लागली तर तिला हर्निया समजून घाईनं कापू देऊ नका. या आजारात शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही वर्षांत डेस्मॉइड नावाची गाठ होते. ती इतरत्र पसरत नाही, पण आसपास घुसते आणि कापल्यावर पुन्हा उठू शकते. आधी एमआरआय किंवा सीटी करायचा. नॉचचा सिग्नल अडवणारं निरोगासेस्टॅट हे औषध अमेरिकेत नोव्हेंबर 2023 मध्ये वाढत्या डेस्मॉइडसाठी मंजूर झालं. म्हणजे सिग्नलवरची औषधं निरुपयोगी नाहीत, कोणत्या गाठीत कोणती अडवणूक चालते हे पाहावं लागतं.

शेवटी नणंदबाई. त्रास नाही हे तपासणी टाळायचं कारण होऊच शकत नाही, कारण पॉलिप वर्षानुवर्षं गुपचूप असतात. तिला दोष असण्याची शक्यता 50 टक्के आहे आणि वय 29. तिची तपासणी मुलाच्या आधी, याच महिन्यात व्हायला हवी. तिला असं सांगा: एका रक्ततपासणीत बदल नाही असं निघालं तर आयुष्यभराची धास्ती संपेल. बदल निघाला तर लगेच पूर्ण कोलोनोस्कोपी. तिचं लग्न झालं असेल आणि पुढे मूल हवं असेल तर तेही शस्त्रक्रियेआधी सर्जनला सांगावं. गुदाशयही काढून लहान आतड्याची पिशवी जोडली तर बाईला दिवस राहायला अडचण येऊ शकते, गुदाशय ठेवला तर ती शक्यता कमी.

तिच्या कोलोनोस्कोपीची तयारी नीट व्हायला हवी, नाहीतर पॉलिप मळाखाली झाकले जातात आणि सगळी खटपट वाया जाते. लोहाच्या गोळ्या 5 ते 7 दिवस आधी डॉक्टरांना विचारून बंद. 2 ते 3 दिवस आधीपासून पालेभाज्या, पेरू, टोमॅटो, तीळ, राजगिरा, शेंगदाणे नकोत. बिया दुर्बिणीच्या नळीत अडकतात. मऊ भात, दही, गाळलेलं वरण चालेल. आदल्या दिवशी फक्त पातळ आणि आरपार दिसणारं: नारळपाणी, गाळलेलं लिंबू सरबत. कोकम किंवा बिटाचा रस नको, रक्तासारखा दिसतो. पोट साफ करणारं पीईजी पावडरचं द्रावण ब्रँडप्रमाणे 2 किंवा 4 लिटर. निम्मं आदल्या संध्याकाळी, निम्मं तपासणीच्या 4 ते 6 तास आधी सुरू करून 2 तास आधी संपवायचं. सगळं एकदम रात्रीच प्यायलं तर सकाळपर्यंत आतड्याच्या उजव्या बाजूला पुन्हा चिकट थर साचतो. शेवटची शौच गोमूत्रासारखी पिवळी, आरपार दिसणारी हवी. रिपोर्ट हातात आल्यावर चार गोष्टी पाहा: दुर्बीण सीकमपर्यंत (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या टोकापर्यंत) पोचली का, आतडं किती स्वच्छ होतं हे सांगणारा बॉस्टन स्कोअर प्रत्येक भागाला किमान 2 आहे का, दुर्बीण बाहेर काढायला किमान 6 मिनिटं दिली का, आणि पॉलिपांची संख्या व आकार लिहिलेत का. यातलं काही नसेल तर तिथेच मागून घ्या, आणि यजमानांच्या जनुक रिपोर्टाची एक झेरॉक्स तिच्या फाइलला आजच लावून द्या.